ती ऑडिटला, मी वेरूळला

वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकावर, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी एकदा पावणेदोन तास काढले आहेत. आत बायकोचं ऑडिट चाललं होतं. पाच वाजता संपणार होतं, ते पावणेसातला संपलं. वॉचमनने दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्या खेपेला विचारलं, "मॅडमचे ड्रायव्हर का तुम्ही?" मी हो म्हणालो. गाडी मीच चालवत आणली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

ती पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांची तपासणी करायला तिला वर्षातून तीनचारदा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. मी बँकेतून थोडा लवकर बाहेर पडलो, आणि घरी बसून काय करणार म्हणून तिच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्या दोन खेपा वाईट गेल्या. दोष तिचा नव्हता, कंपनीचा तर नाहीच. मी सहलीला निघाल्यासारखा निघालो होतो आणि ती कामाला निघाली होती, एवढंच. आता जमतं. कसं जमतं ते सांगतो. नवऱ्याबरोबर जाणाऱ्या बायकांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. फक्त त्यांना कोणी ड्रायव्हर समजत नाही.

निघायच्या आधी एक संभाषण उरकून घ्यायचं, आणि ते आपल्या जोडीदाराने आपल्या साहेबाशी करायचं. "मिस्टर बरोबर येताहेत, त्यांचा खर्च आमचा" हे एक वाक्य आधी सांगितलं की पुढच्या दहा अडचणी टळतात. बहुतेक ठिकाणी कोणाची हरकत नसते. हरकत असते ती नंतर कळण्याला. हॉटेलची खोली कंपनी देते, ती एकाची असो वा दोघांची, भाड्यात फार फरक नसतो. पण फरक असेल तो आपण भरायचा, आणि रिसेप्शनवरच सांगून दोन बिलं करून घ्यायची. नाश्ता एकाचाच धरलाय की दोघांचा, तेही तेव्हाच विचारावं. सकाळी इडलीच्या रांगेत तो खुलासा करणं फार अवघड जातं. ओळखपत्र दोघांचंही लागतं, आणि आपलं नेमकं घरी राहिलेलं असतं, कारण 'कामाला ती चाललीय'.

स्वतःच्या गाडीने गेलात तर कंपनी किलोमीटरप्रमाणे पैसे देते. त्यात सरळ रस्त्याचेच किलोमीटर लिहायचे. नेवाशाला आत गेलो तो फेरा आपला, त्याचं पेट्रोल आपलं. रेल्वेने किंवा बसने जात असाल तर दोघांची तिकिटं वेगवेगळी काढा. एकाच तिकिटावर दोन नावं असली की अकाउंट्सवाला निम्मे पैसे कापतो आणि वर चार प्रश्न विचारतो. कंपनीचा प्रवासविमा कर्मचाऱ्यापुरता असतो. आपला पाय अजिंठ्याच्या पायऱ्यांवर मुरगळला तर तो आपला पाय. परदेशी निघालात तर हीच गोष्ट मोठी होते. निमंत्रणपत्र कामाला जाणाऱ्याच्या नावाचं असतं. आपला व्हिसा पर्यटनाचा, अर्ज वेगळा, विमाही वेगळा. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी तर किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

आणि आता सगळ्यात नाजूक गोष्ट. जिथे आपला माणूस तपासणीला गेलाय, तिथले लोक आपल्याला वेरूळ दाखवायला गाडी देऊ करतात. फार प्रेमाने देतात. "सर दिवसभर काय करणार? आमचा मुलगा घेऊन जाईल." घेऊ नका. जी बाई त्यांच्या मालात खोट काढायला आलीय, तिचा नवरा त्यांच्या इनोव्हातून कैलास लेणं बघतोय, हे चित्र त्यांनाही कळतं आणि तिलाही. हॉटेल ते कारखाना तिला त्यांनी ने-आण करणं हा कामाचा भाग. आपली ने-आण हा कामाचा भाग नाही. मी दर वेळी "मला एसटीने जायला आवडतं" असं सांगतो. पहिल्यांदा ती सबब होती. आता ते खरं झालंय.

रस्ता, जाताना आणि येताना

पुणे ते संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर, नगरमार्गे. गाडीने पाच-सहा तास. लोक म्हणतात, जाता जाता सगळं बघून घ्या. मी म्हणतो, जाता जाता काही बघू नका. जाताना तिच्या डोक्यात उद्याची चेकलिस्ट असते. मागच्या वेळच्या कोणत्या त्रुटी मिटल्या, कोणत्या नुसत्या कागदावर मिटल्या, याचा हिशेब चाललेला असतो. मांडीवर लॅपटॉप असतो. अशा माणसाला "अगं, ते बघ" म्हणून दर वीस किलोमीटरला खिडकीबाहेर बघायला लावणं हा छळ आहे. जाताना एक थांबा. आमचा रांजणगावचा गणपती. तो रस्त्यालगतच आहे, पुण्यापासून तासा-सव्वातासावर. दर्शन, चहा, आणि सरळ मुक्कामाला.

बघायचं ते येताना. परतीच्या वाटेवर तोच माणूस वेगळा असतो. काम झालेलं असतं, चप्पल काढून पाय वर घेतलेले असतात आणि "इथून आत काय आहे?" हा प्रश्न तिच्याकडूनच येतो. त्यासाठी परतीचा दिवस कामाच्या दिवसाला चिकटवायचा नाही. काम बुधवारी दुपारी संपत असेल तर बुधवारची रात्र आपल्या खर्चाने राहायचं आणि गुरुवारी सकाळी निघायचं. हा एका रात्रीचा खर्च म्हणजे या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चांगला खर्च. एकदा तो वाचवायला म्हणून आम्ही संध्याकाळी निघालो, ते ट्रकच्या रांगांमागून रात्री बाराला घरी पोचलो. बघितलं काय, तर समोरच्या ट्रकची पाटी.

गुरुवारी सकाळी निघालात की पहिली गाठ गोदावरीशी पडते. कायगाव टोक्याचा पूल ओलांडला की प्रवरा आणि गोदावरीचा संगम. टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ बघायला अर्धा तास पुरतो, पण घाटावर बसलं तर तासही कमी पडतो. जायकवाडीचं पाणी मागे इथवर फुगलेलं असतं आणि हिवाळ्यात त्यावर पक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर जवळ ठेवा. मग नेवासा फाटा, आणि तिथून आत नेवासे. ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली असं मानतात, तो 'पैसाचा खांब' इथल्या देवळात आहे. दुर्गा भागवतांनी याच खांबावर ललितलेख लिहिला आणि त्याचंच नाव पुस्तकाला दिलं, 'पैस'. त्याला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जाण्याआधी तो लेख वाचलात तर खांबापाशी दोन मिनिटांत पाठ फिरवणार नाही. नुसता खांब बघायला गेलात तर दगडाचा एक खांब दिसेल.

पुढे नगर. आता अहिल्यानगर, पण बसच्या दारातला कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. इथे दोन गोष्टींतली एक निवडा, दोन्ही नको. एक, भुईकोट किल्ला. १९४२च्या चळवळीत काँग्रेसचे पुढारी इथे कैदेत होते आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ हवं आणि आत जाता येईल की नाही हे त्या दिवसावर आहे. दुसरं, रणगाड्यांचं संग्रहालय. माझ्या मनात किल्ला असतो, बायकोच्या मनात रणगाडे. लोखंडाचं जुनं काम बघताना ती वेल्डिंगची रेष निरखते आणि तिथल्या जवानाला असे प्रश्न विचारते की तो सावधानमध्ये उभा राहतो. पहिल्यांदा मला वाटलं, काम संपलं तरी हिचं काम संपत नाही. नंतर लक्षात आलं की तिची हीच सहल.

शिरूरच्या आधी निघोजचा फाटा लागतो. कुकडी नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे तिथे आहेत. पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून खडकात रांजणासारखे खोल खड्डे पडले आहेत. पावसाळ्यात जाऊ नका. खळगे पाण्याखाली असतात आणि कडेचा दगड निसरडा होतो. डिसेंबर-जानेवारीत या सगळ्या पट्ट्यात हुरड्याचे फलक लागतात. तेव्हा बाकी सगळं सोडा आणि एखाद्या शेतात शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो गरम हुरडा खा. एवढं करून पुण्यात अंधार पडायच्या आत पोचणार नाही. म्हणून सांगतो, एका खेपेला यातली दोनच ठिकाणं. रस्ता कुठे जात नाही आणि व्हेंडरही पुन्हा चुका करणारच आहेत.

ते तीन दिवस

आता मधले दिवस, म्हणजे ती सकाळी साडेआठला गेल्यापासून संध्याकाळी येईपर्यंतचे. इथे एक गोष्ट घोकून ठेवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मी पहिल्या खेपेला मंगळवारी वेरूळला गेलो. बंद फाटक बघितलं, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या त्या लाल दगडी देवळाला तीन वेळा प्रदक्षिणा घातल्या आणि परत आलो. काम सोमवार ते बुधवार असेल तर हिशेब सोपा आहे. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी सकाळी शहर.

वेरूळ शहरापासून तिसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा बायका सोबत आल्या असतील तर त्यांनी गाडी हॉटेलवरच ठेवावी. मला पुरेसं म्हातारं व्हायला अजून वेळ आहे, म्हणून मी पूर्ण तिकीट काढतो. एसटीचं आमच्या पुणे-नगर रस्त्याशी जुनं नातं आहे. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुण्याहून नगरला, आणि २०२२मध्ये त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेवरची पहिली शिवाई सोडली. वेरूळच्या वाटेत दौलताबाद लागतं. हंगाम असेल तर सीताफळं आणि पेरू घेऊन विक्रेते रस्त्याच्या कडेला बसलेले असतात. किल्ला चढायचा तर तो वेगळ्या अर्ध्या दिवसाचा मामला. त्याच दिवशी वेरूळही करू म्हणणाऱ्यांना मी अंधेरीतून, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारी वाटेतून, धापा टाकत बाहेर पडताना पाहिलंय. संध्याकाळी ते जोडीदारासमोर जेवताना झोपतात.

अजिंठ्याला मात्र गाडी बरी. शंभर किलोमीटर आहे, जायला अडीच-तीन तास धरा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावायची आणि तिथून एसटीच्या बसने चार किलोमीटर लेण्यांपर्यंत. फ्लॅश चालत नाही. नाश्ता करून सातला निघालात तर दुपारी दोनपर्यंत बघून परतीला लागता येतं. सगळी लेणी बघायची नाहीत. पहिल्यातला पद्मपाणी, सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध, आणि मधलं दहावं. दहाव्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि एप्रिल १८१९ अशी तारीख कोरून ठेवलीय. तो शिकारीला आला होता, वाघाच्या मागे. वाघाचं काय झालं कोण जाणे. दुसऱ्याच कामाला आलेल्या माणसाला वाटेत काय सापडेल याचा नेम नसतो, आणि सापडलं म्हणून त्यावर नाव कोरू नये, हेही त्याच खांबावर शिकता येतं.

परत निघताना घाई करू नका, पण एक गोष्ट ठरवून टाका. ती हॉटेलवर येण्याआधी अर्धा तास आपण आलेलो असायचं. फाटकावर जायचं नाही. सांगितलीच आहे गोष्ट. दुपारी फोनही नाही. क्लोजिंग मीटिंगच्या तयारीत असलेल्या माणसाला "मी आता सोळाव्या लेण्यापाशी आहे, तू जेवलीस का?" असा फोन येणं म्हणजे काय, ते मला एकदा संध्याकाळी नीट समजावून सांगण्यात आलं. आमचं आता ठरलंय. दुपारी एक मेसेज, "पोचलो", आणि तिचा एक अंगठा. तासाभरात अंगठा नाही आला तरी काळजी करायची नाही. ऑडिटमध्ये कधी कधी फोन बाहेर जमा असतात.

ती आल्यावर लगेच दिवसभराचं वर्णन सुरू करायचं नाही. पहिला अर्धा तास चहा आणि शांतता. मग ती तिच्या दिवसाबद्दल बोलेल, कारण तिच्या पोटात ते फाटकापासून साठलेलं असतं. आपला नंबर नंतर. मी माझ्या दिवसातली एकच गोष्ट सांगतो. दोनशे फोटो दाखवत नाही. आठ ते साडेनऊ खोलीतलं टेबल तिचं असतं, रात्री रिपोर्ट पाठवावा लागतो. तेव्हा मी खाली लॉबीत जाऊन बसतो. या दीड तासात मी जितकी पुस्तकं वाचली तितकी बँकेच्या तीस वर्षांत वाचली नाहीत.

एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली तर बीबी का मकबरा. अंधार पडल्यावरही तो उघडा असतो, आणि उन्हातल्यापेक्षा दिव्यांत बरा दिसतो. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आईसाठी, दिलरस बानूसाठी बांधवला. ताजमहालाशी तुलना करून सगळे त्याला हिणवतात. मला तो तुलना बाजूला ठेवून बघायला आवडतो. जुन्या शहरात जेवायला जाणार असाल तर नान खलिया इथला. आम्ही शाकाहारी, त्यामुळे वासावरच समाधान. पैठणी घ्यायची म्हणून पैठणला जायचं असेल तर ते दोघांनी मिळून, गुरुवारी, आणि मग नेवाशाचं नाव काढायचं नाही. नवऱ्याने एकट्याने जाऊन बायकोसाठी पैठणी आणावी असं कोणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका.

एक गोष्ट राखून ठेवायची

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आठवलं. आपण दिवसभर मोकळे असतो म्हणून त्या गावातलं सगळ्यात मोठं ठिकाण आपण एकटे बघून मोकळे होतो. मग जोडीदार मोकळा झाला की, "अरे, ते तर मी बघितलं." पाच-सहा खेपा झाल्यावर त्या माणसाच्या लक्षात येतं की आपण या गावाला इतक्या वेळा आलो आणि वाळूजचे शेड सोडून काही बघितलं नाही. तेव्हा एक ठिकाण राखून ठेवायचं. आपणही बघायचं नाही.

वेरूळला ते जड जातं. आत शिरलं की समोरच कैलास. त्याच्या उजवीकडे एक ते पंधरा, डावीकडे सतरापासून पुढची, जैन लेण्यांपर्यंत. गेल्या मार्चमध्ये सोमवारी मी समोर न बघता उजवीकडे वळलो. सुतार की झोपडी म्हणतात त्या दहाव्या लेण्यात दुपारचं ऊन छताच्या दगडी फासळ्यांवर सरकत होतं, ते बघत बसलो. मग गाडीने जैन लेण्यांकडे गेलो. दगडी कमळं, इंद्रसभा, सगळं शांत. परत येताना पुन्हा कैलासाच्या समोरून. दोन शाळांच्या सहली आत चालल्या होत्या. मी बाहेर उसाचा रस प्यायलो.

बुधवारी तिचं ऑडिट दीडला आटपलं. अडीचला आम्ही तिथे. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतरचंच ऊन आत येतं. वर डोंगरावरून कैलासाचा माथा बघून घेतला, मग खाली उतरलो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कातळ वरून खाली खणत आणला, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंदीमंडपाच्या सावलीत उभी राहून शिखराकडे बघत होती, कारखान्यात नवा पार्ट हातात घेतल्यावर बघते तशी, एक डोळा बारीक करून.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे शिखर आधी आणि पाया शेवटी?"

"हो."

"मग एखादा हत्ती तिरका गेला तर? रीवर्क नाही?"

"कुठून करणार? भरायला दगडच नाही."

ती जोत्यावरच्या हत्तींच्या रांगेपाशी गेली आणि एकेक हत्ती मोजत, निरखत पुढे सरकू लागली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली तेव्हा ती अजून पलीकडच्या बाजूला होती. गुरुवारची रजा आम्ही आधीच टाकून ठेवली होती. तुम्हीही दौऱ्याच्या अर्जाबरोबरच टाका, तिथून फोनवर मागितलेली रजा साहेबाला आवडत नाही.